इंजिनाने तेल किती खावे?

२८ फेब्रुवारी २०२४, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशीच्या विज्ञानवार्तांत एक बातमी आमच्या गावाशी निगडित होती. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणाऱ्या पहिल्या भारतीय प्रवासी नौकेचे पंतप्रधानांनी तूतुकुडीच्या कार्यक्रमातून उद्घाटन केले. ही नौका पुढे वाराणसीला गंगेवर चालणार होती. फ्युएल सेलमध्ये सिलिंडर नसतो, पिस्टन नसतो, त्यामुळे जळून जाईल असे वंगणही नसते. हायड्रोजन आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून वीज मिळते आणि मागे पाणी उरते. मी रामनगरला, म्हणजे काशीच्या समोरच्या तीरावर राहतो. विद्यापीठातील प्रयोगशाळेत पातळ थरांवर संशोधन करतो. त्यामुळे ही बातमी मी उत्साहाने वाचायला हवी होती.

प्रत्यक्षात ती वाचली तेव्हा मी घरासमोरच्या गल्लीत उभा होतो. गाडीचे बॉनेट उघडे होते आणि वडिलांच्या हातात इंजिनाची डिपस्टिक होती. तिच्या दोन खुणांपैकी खालच्या खुणेलाही तेल लागलेले नव्हते.

बाबांनी डिपस्टिक फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा बाहेर काढली. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, “शेवटचं कधी बघितलं होतंस?”

“जानेवारीत. तेव्हा वरच्या खुणेपर्यंत होतं.”

“आणि तिथून पुढं?”

तिथून पुढे मी मुंबईला जाऊन आलो होतो. आई-बाबांना काशी दाखवायची म्हणून त्यांना गाडीनेच घेऊन आलो. येऊन-जाऊन तीन हजार किलोमीटर झाले. शेवटच्या काही शे किलोमीटरांत इंजिनात नेमके किती तेल होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मागच्या आसनावर आई झोपलेली होती, एवढे मला आठवते.

त्याच दिवशी गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या तरुण पर्यवेक्षकाने डिपस्टिक पाहिली, किलोमीटर विचारले आणि दोन मिनिटांत निदान केले. गाडी ऑइल खाते आहे, रिंगा गेल्या, इंजिनकाम काढावे लागेल, खर्च सत्तर हजारांच्या आसपास. ही रक्कम माझ्या जवळजवळ एका महिन्याच्या पगाराएवढी होती. तरीही मी होकार देण्याच्या बेतात होतो. कारण दोन दिवसांनी आई-बाबांना त्रिस्थळीला न्यायचे होते. काशी झाली की प्रयाग आणि गया, अशी त्या पिढीची यात्रा पुरी होते.

बाबांनी मला थांबवले. “इंजिन उघडायच्या आधी ते किती तेल खातंय ते मोज. नुसतं ‘खातंय’ म्हणून काय कळतं? प्रत्येक इंजिन खातं.”

हे वाक्य मी एखाद्या परिसंवादात ऐकले असते तर लगेच टिपून घेतले असते. वडिलांकडून ऐकले म्हणून थोडा चिडलो. माझे सारे व्यावसायिक जीवन मोजण्यात गेले आहे. एका नॅनोमीटरच्या थराची जाडी ठरवताना त्रुटीची मर्यादा किती, यावर मी तासन्‌तास वाद घातले आहेत. आणि माझ्या स्वतःच्या इंजिनाबद्दल मला ‘भरलेलं होतं’ आणि ‘संपलं’ एवढेच ठाऊक होते.

बाबांविषयीही मला फारसे ठाऊक नव्हते. ते कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेली ही कंपनी. आधी फियाट आणि पुढे पद्मिनी म्हणून घरोघरी ठाऊक झालेल्या गाड्या तिथे तयार होत. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘नोकरी’ लिहीत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती नोकरी संपली आणि बाबा घरात त्याविषयी बोलेनासे झाले. ते ‘मशीनवर’ होते, एवढीच माझी माहिती. कोणत्या मशीनवर, हे मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना शास्त्रीजींचे घर पाहायचे होते. लालबहादूर शास्त्रींचे वडिलोपार्जित घर रामनगरात आहे आणि आता तिथे संग्रहालय केले आहे. शास्त्रीजींनी पंतप्रधान असताना १९६४ सालच्या बनावटीची फियाट घेतली होती. किंमत बारा हजार रुपये. पाच हजार कमी पडले म्हणून पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले. १९६६ च्या जानेवारीत ते ताश्कंदला वारले आणि उरलेले कर्ज ललिताबाईंनी निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आता दिल्लीच्या स्मारकात आहे. ही कथा बहुतेकांना माहीत असते. बाबा मात्र घरातून बाहेर पडताना एवढेच म्हणाले, “गाडी आमच्याकडची. माझ्या आधीची, पण आमच्याकडची.”

तिथून परतताना त्यांना एक छोटे गॅरेज दिसले. दारात एक वृद्ध मिस्त्री कार्ब्युरेटर धूत बसले होते. बाबांनी हिंदीत सुरुवात केली. मिस्त्रींनी दोन वाक्ये ऐकली आणि सरळ मराठीत विचारले, “भाऊ, मुंबईचे का तुम्ही?”

पूर्वांचलातील असंख्य माणसे मुंबईच्या टॅक्सीधंद्यात होती. हे मिस्त्री त्यांच्यापैकीच. वीस वर्षे त्यांनी काळ्या-पिवळ्या पद्मिनी दुरुस्त केल्या होत्या. बाबांनी कुर्ल्याच्या कारखान्याचे नाव घेतले. मिस्त्रींनी विचारले, “कुठल्या खात्यात?”

“सिलिंडर ब्लॉक. होनिंग.”

मिस्त्रींनी हातातले काम खाली ठेवले. “म्हणजे तुम्ही रेघा मारायचात आणि मी त्या पुसल्यावर खोलायचो!”

दोघेही मोकळेपणाने हसले. बाबा कोणत्या मशीनवर होते, हे मला त्या क्षणी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, रामनगरच्या एका गॅरेजच्या दारात कळले.

त्या रेघांविषयी सांगायला हवे, कारण इंजिनाने तेल किती खावे या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात आहे.

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी, असे आपल्याला वाटते. तशी ती नसते आणि नसावीही. यंत्रकामाच्या शेवटच्या टप्प्यात अपघर्षक दगड फिरवत आणि वरखाली करत भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम उमटवल्या जातात. त्यांची खोली काही मायक्रॉन असते. या रेघांत तेल साठून राहते. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन प्रामुख्याने वायूचा दाब धरतात, तिसरी भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली धाडते. पण ती सगळे तेल खरवडत नाही, खरवडूही नये. मागे एक अतिशय पातळ पटल उरते आणि वरच्या रिंगा त्या पटलावरून घसरतात. रेघा नसतील तर तेल टिकत नाही आणि धातूला धातू घासतो. रेघा फार खोल असतील तर तेल वाजवीपेक्षा जास्त उरते. बाबांच्या शब्दांत, “हाताला लागायला नको आणि नखाला चुकायला नको.” ते सारी उमर हेच करत होते.

बैलगाडीच्या आसाला वंगण हवे, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. पण वंगण नेमके काय करते, हे विज्ञानाला उशिरा उमगले. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्यांनी भोकात बूच बसवले, तर आतल्या दाबाने ते बाहेर ढकलले गेले. फिरणारा आस स्वतःच तेलाला चिंचोळ्या जागेत ओढतो, त्यातून दाब निर्माण होतो आणि सगळा भार त्या दाबावर तरंगतो, हे त्यातून दिसले. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आजही बेअरिंगांचे गणित त्याच समीकरणावर उभे आहे.

पिस्टनची अडचण अशी की तो प्रत्येक धावेच्या टोकाला क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की तेल ओढले जात नाही आणि पटल विरळ होते. तिथे तेलात मिसळलेली जस्त व फॉस्फरसयुक्त रसायने धातूवर संरक्षक थर धरतात. आणि नेमक्या वरच्या टोकाशीच ज्वलन होते. म्हणजे भिंतीवर उरलेले तेल प्रत्येक स्फोटाला आगीच्या तोंडी जाते. त्यातले थोडे जळणारच. ही इंजिनातली चूक नव्हे. धातूला धातूपासून दूर ठेवण्याचे मोल म्हणून ते तेल जाते.

किती जळते याचा हिशेब मी त्या रात्री वहीत मांडला. माझे इंजिन बाराशे सीसीचे, चार सिलिंडरांचे. प्रत्येकाचा व्यास ७३ मिलीमीटर, पिस्टनची धाव सुमारे ७२ मिलीमीटर. म्हणजे भिंतीचे क्षेत्रफळ साधारण १६४ चौरस सेंटीमीटर. साठच्या वेगाने इंजिन दर किलोमीटरला सुमारे २,२०० फेरे घेते. दोन फेऱ्यांत एक स्फोट, सिलिंडर चार. तेव्हा हजार किलोमीटरमध्ये सुमारे ४४ लाख स्फोट होतात. भिंतीवरचे पटल सरासरी एक मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सत्तराव्या हिश्शाएवढे धरले आणि ते प्रत्येक स्फोटात पूर्ण जळते असे मानले, तर हजार किलोमीटरला ७२ लिटर तेल लागेल. माझ्या इंजिनात साडेतीन लिटर मावते. म्हणजे रामनगरहून निघून मिर्झापूरही गाठता येणार नाही.

प्रत्यक्षात काय घडले होते? ऑक्टोबरमध्ये तेल बदलल्यापासून गाडी ५,५०० किलोमीटर चालली होती आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत यायला १.२ लिटर तेल घालावे लागले. म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे २२० मिलीलिटर. हे तेल ४४ लाख स्फोटांत आणि १६४ चौरस सेंटीमीटरवर वाटले, तर दर स्फोटाला जळणाऱ्या थराची जाडी येते तीन नॅनोमीटर. इंजिनतेलाचा एखादा रेणू सरळ ताणून धरला तर त्याची लांबीही साधारण तेवढीच भरेल. हा अर्थात केवळ हिशेबाचा थर आहे. खरे तेल असे एकसारखे जात नाही. काही रिंगांजवळून जाते, काही झडपांच्या दांड्यांवरून झिरपते, काही वाफ होऊन जाते. तरी त्यातून प्रमाण कळते. भिंतीवरच्या दर हजार भागांतले सुमारे ९९७ भाग इंजिन परत देत होते आणि तीन खात होते. या इंजिनाला वर्कशॉपने निकालात काढले होते आणि मीही मान डोलावली होती.

मी वही बाबांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “आम्हाला मायक्रॉनपर्यंतच सांगायचे. त्याच्या खालचं तू करतोस होय?”

मला काही बोलता आले नाही. माझा विषय आणि त्यांचा विषय एकच आहे, हे इतकी वर्षे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

आता जानेवारीचे कोडे उरले. अडीच हजार किलोमीटर चालूनही तेव्हा तेल वरच्या खुणेला कसे होते, आणि पुढच्या तीन हजारांत एकदम तळाला कसे गेले? वर्कशॉपच्या निदानाला खरा आधार याचाच होता. मिस्त्रींनी विचारले, “हिवाळ्यात गाडी कुठं चालवलीत, डॉक्टरसाहेब?” मी सांगितले, घर ते विद्यापीठ, सामने घाटच्या पुलावरून पाच-सहा किलोमीटर, तेवढेच परत.

“मग तुमच्या तेलात पेट्रोल होतं.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त सोडले जाते. त्यातले काही थंड भिंतीवर चिकटते आणि रिंगांखालून तेलात उतरते. पाच-सहा किलोमीटरांत तेल पुरते तापत नाही, त्यामुळे ते पेट्रोल उडून जात नाही. तेल जळून कमी होत राहते, पेट्रोल मिसळून पातळी भरून निघते, आणि डिपस्टिक सांगते की सगळे आलबेल आहे. मग लांबचा प्रवास घडतो. तेल तासन्‌तास तापलेले राहते, पेट्रोल उडून जाते आणि लपलेली घट एकदम उघडी पडते. ती घट तीन हजार किलोमीटरांतली नव्हती, साडेपाच हजारांतली होती. हिवाळ्यात मी जे ‘भरलेले’ पाहिले ते अंशतः पेट्रोल होते. म्हणजे त्या काळात इंजिनाला मिळणारे वंगणही तेवढे पातळ होते. थंडीत फक्त कमी अंतर चालणाऱ्या गाडीच्या डिपस्टिकवर पूर्ण विश्वास ठेवू नये, हा धडा मी पीएच.डी.नंतर शिकलो.

मिस्त्रींनी चारही स्पार्क प्लग काढले. टोके कोरडी आणि तपकिरी होती. तेलाने भिजलेला, काजळलेला एकही नव्हता. चारही सिलिंडरांचा दाब मोजला, तो जवळजवळ सारखा भरला. मग गाडी सुरू करून त्यांनी मला मागे उभे केले. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर येऊन लगेच थांबला, तर संशय झडपांच्या सीलवर. गाडीला जोर देताना निळा धूर येत राहिला, तर रिंगांवर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर शीतक पाणी आत जाते आहे. माझ्या गाडीने यांपैकी काहीच दाखवले नाही.

“भाऊ, यात्रा करून या,” मिस्त्री बाबांना म्हणाले. “एक लिटरचा डबा बरोबर ठेवा. तीनशे किलोमीटरला एकदा बघा. आल्यावर मला आकडा सांगा, गोष्ट नको.”

त्रिस्थळी यात्रा अशी प्रयोगात बदलली. गाडी सपाट जागी, रात्रभर थंड झालेली, तेल वरच्या खुणेवर, ही सुरुवात. प्रयाग झाले, गया झाली, वाटेत आईच्या आग्रहाने अयोध्याही झाली. दर मुक्कामी पहाटे बाबा बॉनेट उघडत आणि मी वहीत नोंद करी. गयेला पिंडदानासाठी थांबलेल्या दोन मराठी कुटुंबांनी आमच्या भोवती जमून आपापल्या गाड्यांच्या तक्रारी सांगितल्या. परतल्यावर त्याच जागी, तशीच थंड गाडी उभी करून, प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने तेल घातले. १,१२० किलोमीटरला २१० मिलीलिटर. हजाराला सुमारे १९०. खुणेवरची पातळी ठरवण्यात ३०-४० मिलीलिटरची चूक सहज होते, हेही वहीत लिहिले आहे.

त्या आकड्यावर मिस्त्रींनी मान हलवली आणि पीसीव्ही झडप उघडून दाखवली. रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. ही झडप त्याला पुन्हा इंजिनाच्या श्वासमार्गात पाठवते. ती काळ्या चिकट थराने अडकली होती. झडप नीट चालली नाही की वायूबरोबर तेलाचे तुषारही ओढले जातात. काही शे रुपयांची ती झडप बदलली. पुढच्या हजार किलोमीटरला १४० मिलीलिटर लागले. दोन मापांवरून मोठा सिद्धांत मांडू नये, पण इंजिन उघडू नये एवढे ठरवायला ती पुरेशी होती.

मग साधारण किती तेल जळणे योग्य? माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत स्वीकारार्ह म्हटले आहे. अनेक उत्पादकांच्या मर्यादा अर्धा ते एक लिटर अशाच असतात. पण ही हमीची रेषा आहे. तिच्यापलीकडे गेल्याशिवाय उत्पादक जबाबदारी घेणार नाही, एवढाच तिचा अर्थ. इंजिन निरोगी असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे. हजाराला एक लिटर जाळणारी गाडी दहा हजार किलोमीटरांत दहा लिटर पिईल, आणि डिपस्टिकच्या दोन खुणांमधले अंतर बहुधा एकाच लिटरचे असते. शिवाय तेलातला फॉस्फरस धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत राहतो आणि त्याला निकामी करत जातो. ते नुकसान डिपस्टिकवर दिसत नाही. ते हवेत जाते आणि पुढे तपासणीच्या वेळी खिशातून.

माझ्यापुरता मी हा हिशेब ठरवला आहे. दहा हजार किलोमीटरला एक लिटर किंवा कमी, तर उत्तम. पाच हजाराला एक, तर निश्चिंत राहावे, फक्त महिन्यातून एकदा पाहावे. दोन हजाराला एक झाले की कारण शोधावे, आणि स्वस्त कारणांपासून सुरुवात करावी: गळती, पीसीव्ही झडप, तेलाची प्रत, झडपांची सील, रिंगा शेवटी. हजाराला एक लिटर म्हणजे इंजिन मदत मागते आहे. आणि आकडा कोणताही असो, तो अचानक दुप्पट झाला तर ती खरी बातमी. पाच वर्षे १५० खाणारे इंजिन ३०० खाऊ लागले, तर त्याच्यात काहीतरी बदलले आहे. कायम २५० खाणारे इंजिन कदाचित तुमच्याआधी दमणार नाही.

अलीकडच्या गाड्या थोडे अधिक तेल खातात, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यात तथ्य असू शकते आणि त्यामागे कारणे आहेत. घर्षण घटवून इंधन वाचवण्यासाठी रिंगांचा ताण कमी केला गेला, आणि ०डब्ल्यू-२० सारखी पातळ तेले आली. पातळ तेलाची वाफ अधिक होऊ नये म्हणून नोआक चाचणी असते: २५० अंश सेल्सिअसला एका तासात किती टक्के तेल उडते ते पाहतात, आणि अनेक मानकांत त्याची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. तेव्हा पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल घालावे. ‘जाड घाला, खाणं थांबेल’ हा सल्ला जुन्या, झिजलेल्या इंजिनाला कधी लागू पडतो. नव्या इंजिनाच्या अरुंद मार्गांना तो जाचतो.

तेल खाण्याची भीतीही आपल्याकडे नवीनच आहे. ज्या घरांत बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर होती, तिथे पेट्रोलमध्ये दोन टक्के तेल मिसळूनच भरत. लिटरला चाळीस किलोमीटर धरले तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल, रचनेनुसारच जळणारे. त्याबद्दल कुणी मिस्त्रीकडे धावत गेले नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने तर एरंडेलावर चालत आणि वापरलेले तेल सरळ बाहेर फेकत. वैमानिकांच्या तोंडावर आणि पोटात त्यातले किती जाई, याचे किस्से प्रसिद्ध आहेत.

आणि मोजण्याची परंपरा तर नदीपलीकडेच आहे. वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्यातून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले ते जानेवारी १९६४ मध्ये; त्याचे लोकार्पण शास्त्रीजींच्याच हस्ते झाले होते. रेल्वेत वंगणाचा खप किलोमीटरवर न मोजता जळालेल्या इंधनाच्या टक्केवारीत मोजण्याची पद्धत आहे. ती अधिक न्याय्य आहे, कारण जो जास्त कष्ट करतो तो जास्त खातो. माझ्या गाडीचा हिशेब तसा केला, तर पहिल्या आकड्याला इंधनाच्या ०.३ टक्के आणि झडप बदलल्यावर ०.२ टक्के येतात. शिवाय डिझेल शेडांत तेलाचे नमुने घेऊन त्यात लोखंड, तांबे, शिसे, क्रोमियम किती आले ते वर्णपटाने तपासतात. कोणता भाग झिजतो आहे, हे इंजिन न उघडताच कळते. वर्णपट माझ्याही रोजच्या कामातला आहे. तो इतक्या जवळ, इतक्या कामाच्या जागी वापरला जातो, हे मी कुणालाही सांगितले नव्हते, कारण मी ते कधी शोधलेच नव्हते.

हायड्रोजनच्या नौकेला वंगण जाळावे लागणार नाही. चांगलेच आहे. हा प्रश्नच ज्यात उरणार नाही अशी वाहने माझी पुढची पिढी चालवील, आणि बाबांच्या रेघा संग्रहालयात जातील. इथल्या किल्ल्याच्या संग्रहालयात जुन्या अमेरिकी मोटारी उभ्या आहेत, तशा. निघण्याच्या आदल्या दिवशी बाबा त्यांच्यापुढे बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर कुल्हडमधली लस्सी पिताना म्हणाले, “त्यांच्या सिलिंडरात बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.”

आई रामनगरी भंट्यांची पिशवी घेऊन, भरताचे बेत सांगत गाडीत बसली. स्टेशनवर बाबांनी मला त्यांची एक जुनी वही दिली. कारखान्यातली नव्हे, निवृत्तीनंतर शेजाऱ्यांच्या गाड्यांची माहिती टिपलेली. प्रत्येक पानावर गाडीचा क्रमांक, किलोमीटर आणि घातलेले तेल मिलीलिटरमध्ये. शेवटची बरीच पाने कोरी होती. आता त्यांतल्या पहिल्या कोऱ्या पानावर माझी गाडी आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आकडा फोनवर सांगतो. बाबा आधी आकडा विचारतात, मग तब्येत.

वाचकांना एकच विनंती. उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, ती सपाट जागी आणि थंड असताना, डिपस्टिक काढून पाहा आणि कुठेतरी तारीख, किलोमीटर व पातळी लिहून ठेवा. हजार किलोमीटरांनी पुन्हा लिहा. तुमच्या इंजिनासाठी ‘साधारण’ किती, हे दुसऱ्या कुणाला तुम्हाला सांगता येणार नाही. आणि घरात कुणी आयुष्यभर एखाद्या यंत्राजवळ उभे राहिले असेल, तर ते नेमके काय करत होते, हे त्यांना विचारा. मला छत्तीस वर्षे लागली.